बोर्डातला हिरवा पदर

२० सप्टेंबर १९९५

आलो बुवा सुरतेला! अमळनेरपासून गाडीत उभाच होतो, पण दमलो म्हणून सांगेल तो योगराज कसला. लिंबायतला सरलाताईच्या खोलीत मुक्काम. ताईनं कळण्याची भाकरी अन् ठेचा वाढला आणि मी जेवेपर्यंत नुसती बघत बसली. भटू दाजी पॉवरलूमवर असतात. मला पर्वत पाटियाजवळ साडीची डिझाइनं काढायचं काम मिळालंय, तेही कॉम्प्युटरवर!

आई-वडील गेल्यापासून ताईला माहेर म्हणजे मी एकटाच. लग्नानंतर माहेरचं लुगडं तिच्या अंगाला लागलेलं नाही. म्हटलं, भाऊबीजेला माझ्या हातच्या डिझाइनची साडी देईन. तर म्हणे, माले जांभळं लुगडं जोयजे, पदरवर मोर. हुकूमच सुटला!

३ ऑक्टोबर, दसरा

कामावरचा कॉम्प्युटर शेठनं जुने भाग जोडून आणलाय, चालता चालता मधेच गोठतो. पण पोट भरतो ना, मग पूजा नको? सगळ्यांनी बाहेरून कुंकू लावलं. मी अतिशहाणा, डबा उघडून थेट मदरबोर्डालाच हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं आणि मागितलं, पहिली साडी माझ्या ताईचीच होऊ दे. पाणी बघून मी घाबरलो, तर शेठ हसून म्हणाले, चाली जशे. त्यांचं सगळंच चालून जातं.

६ ऑक्टोबर

मोर पुरा झाला आणि मशीन गोठलं. बंद करून चालू केलं तर मोर गायब! जागेवर हिरवा पदर, बारीक पिवळ्या काठाचा. मी असला काढलेलाच नाही. पडद्यावर तारीख २५ ऑक्टोबर. मेकॅनिक पांडुरंग म्हणाला, बोर्डावरचा सेल मेला की तारीख मागे जाते, ही पुढे कशी गेली देव जाणे. त्यानं सेल बदलला, कुंकू पुसलं.

११ ऑक्टोबर

काय कटकट आहे! जांभळा रंग टिकतच नाही. फ्लॉपीवर ठेवला तरी हिरवाच उघडतो. तारीख तीच. नवा बोर्ड मागितला तर शेठचं आपलं चाली जशे. इथंच घोडं पेंड खातं. कॅलेंडर बघितलं, २५ ला भाऊबीज आहे.

ताईला परवापासून ताप आहे.

१६ ऑक्टोबर

ताप हटत नाही. डॉक्टर बदलला. आज तो काठ कुठं पाहिलाय ते आठवलं. आई गेली तेव्हा मामानं आणलेलं लुगडं हेच. सवाष्ण गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते आणायचं भावानं.

मी त्या बोर्डापाशी काय मागून बसलो!

२१ ऑक्टोबर

डिझाइन पुसलं. पुन्हा आलं. शेठला आवडलं, छापायला धाडलं — मी पाया पडलो, नको म्हणालो. कारण विचारलं त्यांनी. रंग चुकलाय म्हणालो, तर चाली जशे.

२४ ऑक्टोबर

सकाळी ग्रहण. दिवाळीची भेट म्हणून शेठनं घरी येऊन पहिली साडी दाजींच्या हाती दिली. भला माणूस, त्याला काय ठाऊक. मी धावत जाऊन दुकानातली जांभळी आणली, मोराची. ताईनं ती बाजूला ठेवली. म्हणाली, विकतनी नको, तुझ्या हातची हीच. हिरवी उशाशी घेऊन झोपलीय — मला रडू आवरत नाही.

२५ ऑक्टोबर, भाऊबीज

ताप नाही. कपाळ थंडगार. ताई उठली, न्हाली, हिरवी नेसली. शेजारी दाखवून आली — मना भाऊनी दिधं. किती हसतेय. हुबेहूब आई —

ओठांवर आलं होतं, सोड ती साडी. तिचं तोंड पाहून म्हणालो, छान दिसतेस.

मी पाटावर बसलोय. ताई येईपर्यंत लिहितोय. ती आत ओवाळायचं ताट करतेय, गुणगुणतेय — दाजी मला चिडवतायत, भावाचे डोळे का भरले —

गुणगुणणं थांबलं.

ताट पडलं आत —

हाक मारली. ओ देत नाही. दाजी आत गेले — ताई, मी ती साडी तुला —