दसऱ्यापर्यंतची बोली

त्रिशूर,
१४ ऑक्टोबर २००३

ती. गं. भा. आक्कास,
धाकट्या सोनबाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं आणि सामान, सगळं सुखरूप पोहोचलं. वेलायुधनने त्रिशूरजवळच्या त्याच्या गावात स्वतःच्या शेजारचंच घर भाड्याने पाहून ठेवलं होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं आम्ही एका बाकावर डबा खाल्ला, पण गावाबद्दल तो सांगायचा त्यातलं निम्मं मी थाप समजत होतो. थाप नव्हती. चहाच्या टपरीवर तीन वर्तमानपत्रं येतात आणि तिन्ही वाचली जातात. वाचनालय आहे, दवाखाना आहे आणि दवाखान्यात चक्क डॉक्टर आहे. माझा खोकला चार दिवसांत गेला.

तू म्हणतेस मी रुसून गेलो. तसं नाही, आक्का. सोसायटीच्या बैठकीत युनियनवाल्यांनी देश बुडवला, कारखाने विकून टाका, असं मला तोंडावर सांगणारे आपलेच चुलतभाऊ होते. शेत बिल्डरला देऊन गाड्या घेतल्या त्यांनी. साठाव्या वर्षी रोज भांडून जेवण पचत नाही. इथे युनियनचा माणूस म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात.

स्टेशनवर तुला दिलेला शब्द पक्का आहे. पुढच्या दसऱ्यापर्यंत राहून बघायचं आणि त्या दिवशी शालू 'नको' म्हणाली, तर मुकाट्याने परत यायचं. शेवटचा शब्द तिचा. ती मजेत आहे.

माया आहेच, ती टपालाने येत राहावी.
तुझा, सोनबा


धायरी, पुणे,
३० ऑक्टोबर २००३

चि. सोनबा आणि चि. सौ. शालू यांस,
आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनवर तू नुसतं 'छान छान' म्हणतोस, म्हणून पत्रच लिहीत जा. पत्रात थापा मारायला जास्त कष्ट पडतात. मी पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मुलांचे पेपर तपासले आहेत. 'ती मजेत आहे' हे वाक्य सगळ्यात शेवटी आणि घाईत आलंय. पुढचं पत्र शालूच्या हातचं पाहिजे.

भाऊ जवळ नसला की भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तसं ओवाळलं. समोर आठ मजली इमारत झाल्यामुळे त्यासाठी ताट घेऊन गच्चीवर जावं लागलं. चंद्र वेळेवर आला. त्याला राजकारण नाही.

तुमचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या कराराने एका मुलीला दिला. नाव तेजस्विनी, यवतमाळकडची, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पुण्यात आल्यापासून मोकळा श्वास घेता येतो, असं म्हणाली. मी तिला सांगितलं की माझा भाऊ तेवढ्याचसाठी इथून गेला. करार सप्टेंबरअखेर संपतो. तो मी मुद्दाम तसाच केलाय.

तुम्हाला मूलबाळ नाही, मला नाही. समोरासमोर दारं असावीत म्हणून आपण बिल्डरकडून असे फ्लॅट मागून घेतले आणि तू तिथे तीन महिने राहिलास. मी रागावले आहे, हे लिहून ठेवते, नाहीतर तुला कळायचं नाही.

दोघांनी प्रकृतीस जपावे. राग उतरला की कळवीन.
कुसुमआक्का


त्रिशूर,
२० नोव्हेंबर २००३

ती. गं. भा. वन्संना,
शालूचा कृ. सा. न. वि. वि.

अक्षर लावून वाचा. चौथीनंतर किराणाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही.

सामान सुखरूप पोहोचल्याचं ह्यांनी कळवलं, पण कसं ते कळवलं नसेल. ट्रक आला तेव्हा ह्यांनी आणि वेलायुधनभाऊंनी शर्ट काढून स्वतःच कपाट उतरवलं. तेवढ्यात निळ्या शर्टातले सहा हमाल आले. इथे माल चढवणं-उतरवणं त्यांच्या संघटनेचं काम असतं. युनियनचा माणूस असून दुसऱ्याचं काम कसं काढून घेता, असं त्यांनी ह्यांना विचारलं. ज्या माणसाने आयुष्यात एक संप मोडला नाही, त्याला हे ऐकावं लागलं. चेहरा पाहवत नव्हता. आणि मग ह्यांनी काय करावं? उतरवलेलं कपाट पुन्हा ट्रकवर चढवायला घेतलं, म्हणजे त्या लोकांना ते रीतसर उतरवता येईल. ते सहाजण पोट धरधरून हसले. मग सगळं सामान त्यांनीच आत नेलं, अगदी पाटा-वरवंटासुद्धा. आता गावात ह्यांना 'कपाटवाले' म्हणून ओळखतात.

माणसं वाईट नाहीत. पण वन्सं, मला कुणाचं अक्षर कळत नाही, बोलणं कळत नाही. दिवसभरात मी दहा शब्द बोलत असेन, त्यातले सहा मांजरीशी. ह्यांना सांगू नका. इतक्या वर्षांनी त्यांना असं खुशीत पाहतेय, त्यात मोडता घालवत नाही. दसरा येईल तेव्हा मी 'नको' म्हणणार आहे, हे मात्र तुम्हाला सांगून ठेवते.

रागातून सवड काढून आठवण काढत जावी.
आपली, शालू


धायरी,
८ डिसेंबर २००३

चि. सौ. शालूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग बराच वेळ हसले नाही. कपाटाची गोष्ट तेजस्विनीला सांगितली. तिच्या हातातला चहा सांडला. सोनबा कारखान्यात कसा असेल ते मला पहिल्यांदा समजलं.

आता ऐक. दहा महिने घरात बसून काढलेस तर तू परत येशील ती आजारी होऊन. पहिलीच्या मुलांना मी रोज एकच शब्द शिकवायची. तूही रोज एक शिक. वेलायुधनची बायको कुठे जाते, बसते, तिथे तिच्या मागे जा. बोलता आलं नाही तर नुसती बस, पण बस. दसऱ्यापर्यंत वेळ तरी जाईल. फ्लॅट मी तुझ्यासाठी झाडून-पुसून तयार ठेवते.

तुझी वाट बघणारी,
कुसुमआक्का


त्रिशूर,
१८ मार्च २००४

ती. गं. भा. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. दर गुरुवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या सोळा-सतरा बायका एका ओसरीवर जमतात. पंचायतीनेच असे गट काढलेत. प्रत्येकीने काहीतरी बोलायचंच, असा नियम आहे. दोन महिने मी नुसती मान हलवून सुटले. फेब्रुवारीत मात्र त्यांनी सोडलं नाही. मला तेव्हा साठेक शब्द येत होते. मी 'वेळ्ळम' म्हणाले, म्हणजे पाणी, आणि बोटाने गल्लीच्या टोकाचा नळ दाखवला. तो तीन आठवडे कोरडा होता. त्यांनी ते वहीत लिहिलं. नाव विचारलं, तेही लिहिलं.

पुढच्या आठवड्यात पंचायतीचा माणूस आला आणि तक्रार कुणाची म्हणून त्याने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्याने माझ्याबरोबर नळापर्यंत येऊन पाहिलं. चार दिवसांत पाणी आलं.

तुम्हाला खडकीचं आमचं क्वार्टर आठवतं ना? युनियनच्या बैठका आमच्याकडेच व्हायच्या. पंचवीस-पंचवीस कप चहा मी केला, पण ट्रे दारातून आत द्यायचा आणि मागे फिरायचं. मला कुणी कधी काही विचारलं नाही आणि मलाही वाटलं नाही की विचारावं. त्या दिवशी नळावरून येताना मला उगाचच रडू आलं. ह्यांना वाटलं पाय मुरगळला.

इथे मला शालूचेची म्हणतात, चेची म्हणजे ताई. त्यांना मी बाजरीची भाकरी शिकवतेय. भाताची सवय, थापताना तुटते त्यांची.

तुमचे उपकार मानले तर तुम्ही रागावाल, म्हणून मानत नाही, नुसतं लिहिते.
आपली, शालू


त्रिशूर,
१० ऑगस्ट २००४

ती. गं. भा. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्यापुरतंच ठेव. गाव चांगलं आहे, माणसं देवमाणसं आहेत, मी देव मानत नाही तरी. पण आक्का, इथे सगळेच माझ्या मताचे निघाले. टपरीवर मी तोंड उघडलं की चौघं माना डोलावतात. मग पुढे बोलायचं काय? बंद तर इतके होतात की गेल्या महिन्यात मला दाताच्या डॉक्टरकडे चार मैल चालत जावं लागलं आणि जाऊन पाहतो तर त्याचंही दार बंद. खडकीत मी लोकांना बंद पाळायला लावायचो तेव्हा कुणाचे दात दुखत असतील, हे कधी मनात आलं नव्हतं.

खरं सांगतो, मला मराठीत भांडायचं आहे. चुलतभावांची आठवण येते. तुझ्या टोमण्यांची त्याहून येते. पण एवढ्या ऐटीत आलो, आता मीच परत जाऊ या म्हटलं तर लोक हसतील. तेव्हा बोलीप्रमाणे दसऱ्याला शालू 'नको' म्हणेल आणि मी तिचा मान राखून परत येईन. तिला नको असेलच. तू फक्त एक पत्र टाकून तिला तसं म्हणायला धीर दे. आणि त्या मुलीला जागा सोडायला सांग.

तुझ्या रागाच्या छायेत यायला उत्सुक,
सोनबा


त्रिशूर,
२४ ऑक्टोबर २००४

ती. गं. भा. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

सप्टेंबरातलं तुमचं पत्र उशाशी ठेवून झोपत होते. बिनधास्त 'नको' म्हण, घर तयार आहे, तेजस्विनीला जागा शोधायला सांगितलं आहे, असं तुम्ही लिहिलं होतं. तुम्ही एकट्या आहात, हे त्यात लिहिलं नव्हतं तरी वाचता आलं. त्यामुळे पुढचं लिहायला हात धजत नाही.

परवा दसऱ्याला सोनं दिलं-घेतलं. आपट्याचं झाड इथे सापडलं नाही, वेलायुधनभाऊंनी कुठलीशी तसलीच पानं आणली. जेवणं झाल्यावर हे समोर बसले आणि बोलीचा दिवस आला, तेव्हा काय ते सांग, असं म्हणाले. मी म्हणाले, "मला इथेच राहायचंय."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी तेच पुन्हा म्हणाले. मग ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ कुंपण नीट करत बसले. कुंपणाला काही झालेलं नव्हतं. परत आल्यावर, विचार करून सांगितलंस ना, एवढंच विचारलं. मी सांगितलं की जन्मात पहिल्यांदाच विचार करून सांगितलं. माहेर वडिलांनी ठरवलं, सासर मामांनी, खडकी कारखान्याने, त्रिशूर तुम्ही. हे एक मी ठरवते. तुम्हाला जायचं असेल तर माझी ना नाही, असंही बोलून गेले.

तेव्हापासून ते रोज त्या कुंपणापाशीच असतात. रागावले असं वाटत नाही, पण काय ते कळत नाही. वन्सं, तुम्ही मला बस म्हणालात म्हणून मी बसले आणि ते असं झालं. तुमच्याशी वाईट वागले का, ते सांगा.

शिव्या द्यायच्या तर द्याव्या, पण पत्र थांबवू नये.
आपली, शालू


धायरी,
१६ नोव्हेंबर २००४

चि. सौ. शालू आणि चि. सोनबा यांस,
अ. उ. आ.

पत्र दोघांसमोर मोठ्याने वाचावे.

शालू, तुझं पत्र आलं तेव्हा मी तुमच्या फ्लॅटमध्ये पडदे लावत होते. तेजस्विनीच्या बॅगा दारात होत्या. दोन दिवस मी माझ्या घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी ती पोरगी डबा घेऊन आली आणि तुम्हाला बरं नाही का, असं विचारत बसली. तिला सगळं सांगितलं. मग तिने मला विचारलं की तुम्हाला स्वतःला कुठे राहायला आवडेल. मला हसू आलं. सदुसष्टाव्या वर्षी असं कुणी विचारतं का? पण रात्री विचार केला. टँकरचं पाणी, रस्त्याची धूळ, समोरचे आठ मजले, सगळं धरून उत्तर आलं, इथेच. मग तुझं 'इथेच' मला समजलं. तेजस्विनीच्या बॅगा आम्ही दोघींनी मिळून पुन्हा आत नेल्या. अजून अकरा महिन्यांचा करार केला.

तू माझ्याशी वाईट वागली नाहीस. मी वागले. मी एकटी पडले होते, म्हणून तू दुःखी असावीस असं मला वाटत होतं. असं वाटणं बरं नव्हे. आणि तुला 'नको' म्हणायचा धीर देणारं ते पत्र मी माझ्या एकटीच्या मनाने लिहिलं नव्हतं.

आता सोनबा, न अडखळता वाच. तुला परत यायचं होतं. ऑगस्टमध्ये तू तसं मला लिहिलंस आणि ते शालूच्या तोंडून वदवून घ्यायला मला सांगितलंस. मी तुझं ऐकलं, त्याची लाज वाटते. अख्खी हयात दुसऱ्यांच्या मागण्या मोठ्याने मांडलेला माणूस तू. यायचं असेल तर तुझी मागणी तू मांड. बायकोच्या पदराआडून मांडू नकोस. दार समोरचं नसलं तरी माझं आहे, माझ्याकडे ये. आणि राहायचं असेल तर तेही तूच म्हण.

दोघांवरही राग नाही. हे कळवायचं कबूल केलं होतं, म्हणून कळवते.
कुसुमआक्का


त्रिशूर,
२८ नोव्हेंबर २००४

ती. गं. भा. आक्कास,
शि. सा. न.

कार्डावर लिहितो, सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.

पत्र मोठ्याने वाचलं. माझ्यासाठीचा परिच्छेद आला तेव्हा पत्र शालूच्या हातात दिलं, तो तिने वाचला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली की मला सरळ सांगितलं असतंत तर मी ऐकून घेतलं असतं. हे मला जास्त लागलं.

तर माझ्या तोंडाने सांगतो. मला धायरीची आठवण येते. रोज येते. मे महिन्यात दोन महिन्यांसाठी येतो, चुलतभावांना तयार राहायला सांग. पण घर इथेच. शालूने गुरुवारी मला बैठकीला नेलं. पुरुषांना बोलायची परवानगी नसते, मागे पायरीवर बसलो. तिला बोलताना मी याआधी कधी ऐकलंच नव्हतं, आक्का. सगळं समजलं नाही. मी तिथून हललो नाही.

तुझा, सोनबा