चिमणीवरची फरशी

मिस्त्री गच्चीवरून ओरडला, "ताई, काढली फरशी, बघा आता," आणि मी अगरबत्ती फायरप्लेसच्या आत धरली, नाना. धूर आधी जागीच घोटाळला. मग त्याची बारीक रेघ झाली आणि ती सरळ वर निघून गेली, वरून कोणी दोरा ओढून घ्यावा तशी. मी गुडघ्यांवर बसले होते. डोकं आत घालून वर पाहिलं, तर तळहाताएवढा आभाळाचा चौकोन दिसला. ती शहाबादी फरशी तुम्ही स्वतः वर चढून चिमणीवर ठेवली होती, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तेव्हापासून ह्या चिमणीतून काही वर गेलं नव्हतं. तुम्हाला जाऊनही आता एकोणीस वर्षं होतील.

हॉलचं काम काढलं आहे. भिंतीला ओल आली होती आणि तुमची फायरप्लेस फारच जुनाट दिसायला लागली होती, हे तुम्हीही मान्य केलं असतंत. चॉकलेटी चकचकीत टाइल्स, वर मोझेकचा कट्टा, दोन्ही बाजूंना सिमेंटचे खोटे दगड, तोंडावर प्लायवूड. त्या प्लायवूडपुढे आजवर काय काय उभं राहिलं: टीव्हीचा स्टॅबिलायझर, प्लास्टिकची सूर्यफुलं, शेवटी चपलांचं स्टँड. आधी एक इंटिरियरवाला येऊन गेला. टाइलवर टकटक करून त्याने विचारलं, "नाशिकला फायरप्लेस? आयडिया कोणाची?" मी म्हणाले, वडिलांची. तो म्हणाला, "सॉरी." मग त्याने मोबाइलवर पांढऱ्या संगमरवरात हलणाऱ्या विजेच्या ज्वाळा दाखवल्या. आई आतून म्हणाली, "खोटी आग नको. खरी पण नको. तोडा."

त्या संगमरवराचा भाव ऐकूनच मी त्याला चहा देऊन निरोप दिला आणि मखमलाबादकडून एक मिस्त्री बोलावला. माझ्या पेन्शनीत बसेल तेवढंच करायचं होतं. आमचं ठरलं ते असं: टाइल्स उतरवायच्या, आतली वीट तारेच्या ब्रशने घासून तिला चुन्याचा पातळ हात द्यायचा, आणि मोझेकच्या जागी स्वयंपाकघराच्या जुन्या ओट्याचा कडप्पा बसवायचा. तो मागच्या अंगणात पडूनच होता. पहिली टाइल निघाली तेव्हा मिस्त्रीने आतल्या विटेवर अंगठा फिरवला. "ताई, ह्या भट्टीत लावायच्या विटा हायेत, आगीला तडकत नाय. साध्या नाय. ज्यानं बांधलं त्याला कळत होतं." तो हे सहज बोलला. मी तिथेच थांबले. तुम्हाला कळत होतं असं ह्या फायरप्लेसबद्दल कोणी म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईला मात्र त्याचं काही नव्हतं. ती म्हणाली, "शनिवारपर्यंत तुझं कौतुक चालू दे. शनिवारी तोडायची." घर तिच्या नावावर आहे. ब्याऐंशी वर्षांची आहे आणि थंडीत तिचे गुडघे धरतात, तरी ती कधी फायरप्लेसकडे तोंड करून बसत नाही. मला शनिवारच्या आत एवढंच बघायचं होतं की तुमचं नेमकं कुठे चुकलं.

कारण ते मला कधीच पटलं नव्हतं. तुम्ही एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होता. मला एकदा आत नेलं होतंत, कुटुंबांना बोलावलं होतं त्या दिवशी. लोखंडी जिन्यावर पाय भाजतील असं मला वाटलं होतं. तुम्ही एक छोटी झडप उघडली आणि माझ्या डोळ्यांपुढे निळी काच धरलीत. काचेतून आग जांभळट दिसत होती आणि अजिबात हलत नव्हती. मी विचारलं, एवढ्या आगीचा धूर आपल्या तोंडावर का येत नाही? घरी आल्यावर, क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, तुम्ही ते दोन हातांनी सांगितलंत. एक पंखा हवा आत ढकलतो, दुसरा बाहेर ओढतो. ओढणारा जरासा जोरात हवा. मग आग आपल्या जागी राहते. तुम्ही माझ्या कपाळावर फुंकर मारलीत आणि मानेमागून हवा ओढल्याचा आवाज काढलात. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "झालं शिकवून? जेवा आता."

पुढे गंगापूर रोडच्या आत आपलं घर झालं, तेव्हा मागे द्राक्षाची बाग होती. तरुणपणी देवळालीच्या एका जुन्या बंगल्यात तुम्ही कसल्या तरी दुरुस्तीला गेला होता. तिथे एक म्हातारी बाई आगीपुढे स्वेटर विणत बसलेली तुम्ही पाहिली. एवढंच. तेवढ्यावरून हॉलमध्ये फायरप्लेस झाली. आई तिला भट्टी म्हणायची. तिला त्या जागी देवघर हवं होतं. त्याच महिन्यात तुम्ही तिच्यासाठी स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, भिंतीला भोक पाडून मोठा एक्झॉस्ट फॅन बसवलात. फोडणीने तिला ठसका लागायचा म्हणून. लोक फायरप्लेस बघायला यायचे आणि आई त्यांना पंखा दाखवायची.

मग तो डिसेंबरचा रविवार. तुमच्या शिफ्टचे सात-आठ जण आले आहेत. हवा बोचरी आहे, सगळ्या खिडक्या बंद. बागेतून आणलेली द्राक्षाची वाळलेली खोडं तुम्ही रचून ठेवली आहेत. माझ्या हातात निळी काच आहे, ती मला तुम्ही बॉयलर दाखवलात त्याच दिवशी देऊन टाकली होती. आत आई भजी तळते आहे. तुम्ही काडी लावता. खोडं लगेच पेटतात, आणि धूर वर जायच्या ऐवजी पुढे येतो, आधी थोडा, मग सगळाच. मी काच डोळ्यांना लावून बसले आहे आणि मला निळ्यात निळं काहीतरी फुगताना दिसतं आहे. बॉयलर तातडीने बंद करायला ओरडतात तसं कोणीतरी ओरडतं, "साहेब, ट्रिप करा, ट्रिप!" सगळे हसतात, मग सगळे खोकतात. एकाने तांब्यातलं पाणी ओतलं. राख उडाली. तुम्ही शेवटी खिडकी उघडलीत तेव्हा तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आई भज्यांची परात घेऊन दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर फरशी ठेवलीत. त्यानंतर बरेच महिने तुम्ही वही घेऊन बसायचात. ती वही माझ्याकडे आहे. तोंडाची रुंदी, चिमणीचं माप, उंची, पुन्हा तेच, पुन्हा तेच, वेगळ्या पेनाने. कुठेही चूक नाही. एका पानावर फक्त "का?" लिहिलं आहे. आठवड्याभरात एक वाक्य एकलहऱ्याला पोचलं होतं: एकलहऱ्याची चिमणी धूर बाहेर सोडते, ह्यांची घरात सोडते. ते कंट्रोल रूममध्ये फिरलं, कँटीनमध्ये फिरलं. तुम्ही ते जेवताना आम्हाला सांगितलंत, हसत. म्हणालात, वाक्य चांगलं आहे. मग भात कालवत म्हणालात, "हसणं सोपं असतं. ज्याने हे केलं त्याने कारणही शोधावं." पुढे तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत. बदल दिसला तो एवढाच, की घरातलं काही बिघडलं तर तुम्ही स्वतः उघडून बघायचं सोडलंत. इस्त्रीसुद्धा दुकानात जायला लागली.

तर परवा अगरबत्तीचा धूर वर गेला, आणि माझं डोकं चक्रावलं. चिमणी ओढत होती. मग तेव्हा का नाही? काल सकाळी मी परत अगरबत्ती धरली. धूर माझ्या तोंडावर आला. दुपारी धरली, वर गेला. आज अकरा वाजता धरली, पुन्हा तोंडावर. मी तुमच्या वहीत, तुमच्या "का?"च्या खाली, वेळा लिहायला लागले. मला वाटलं वारा असेल. मिस्त्री गच्चीवर ओला रुमाल धरून उभा राहिला आणि म्हणाला, "वारा बिलकुल नाय. ताई, तिला मूड हाय." मी थंडीचा विचार केला, उन्हाचा केला. खरं सांगू, मला मजा येत होती. निवृत्त झाल्यापासून इतकी मजा मला कशातच आली नव्हती. मी अगरबत्ती धरून तशीच बसले. धूर खोलीत पसरत होता. आत आईची भाजी झाली असावी, कारण बटणाचा खट्ट आवाज आला आणि स्वयंपाकघरातली घरघर थांबली. धूर थबकला. वळला. वर गेला.

मी उठून आत गेले आणि पंखा लावला. बाहेर येऊन पाहिलं. धूर खोलीत. परत आत जाऊन बंद केला. धूर वर. दारं-खिडक्या बंद असलेलं घर, आणि त्यातून हवा बाहेर ओढणारा एक पंखा. त्याला हवा कुठून मिळणार? चिमणीतून. आतापर्यंत तीन पंखे बदलले असतील, भोक तेच आहे. दोन पंख्यांचं जमवण्यात तुमचं आयुष्य गेलं आणि घरात मात्र तुम्ही एकच मोजलात, चिमणी. दुसरा तुम्ही आईला भेट दिला होता, त्यामुळे तो तुमच्या हिशेबात आलाच नसावा.

तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा आई ओट्याला पाठ लावून उभी होती. म्हणाली, "कळलं का?"

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"भजी झाली, पंखा बंद केला, परात घेऊन बाहेर आले. एक लाकूड विझता विझता धुपत होतं. त्याची रेघ सरळ वर चालली होती. तुम्ही सगळे खोकत होता. मी बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"पाहुण्यांपुढे? तुमच्याच पंख्याने केलं म्हणून सांगू?"

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी त्यांनी वर फरशी ठेवली. मला बरंच वाटलं. भट्टी गेली एकदाची." तिने पदराने चष्मा पुसला. "मग आठ दिवस गेले. मग वर्ष गेलं. मग आता कसं सांगायचं, असं झालं. वही घेऊन बसायचे, मी चहा नेऊन द्यायचे. कप वहीवर ठेवू नको म्हणायचे." मग चष्मा लावून, "म्हणून म्हणते तोड. मला ती बघवत नाही."

 तुम्ही काय बोलला असतात ह्याचा मी विचार करत होते. मला वाटतं तुम्ही आधी पंख्याच्या भोकाचं माप घेतलं असतंत.

आज शुक्रवार. संध्याकाळी पेटवली. मिस्त्रीने आडगावकडच्या एका तोडलेल्या बागेतली द्राक्षाची खोडं आणली होती, आणि तो बघायला थांबला. चुन्याचा हात अजून ओला होता, तोंडाजवळ वीट उघडी होती, कडप्पा नुसता टेकवलेला. पंखा बंद ठेवून काडी लावली. मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. "आजी, तुम्ही पण सरका. पाण्याची बादली ठिवलीय." आई म्हणाली, "बादली उचल. एकदा झालंय ते पुरे." खोडं पेटली. धूर वर गेला, नाना. सगळा. खोलीत फक्त लाकडाचा वास राहिला. आईने खुर्ची ओढली, आगीकडे तोंड करून बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवले.  मग म्हणाली, "एवढंच होतं." मिस्त्रीने मला खुणेने विचारलं, उद्या तोडायची का? आईने मान न वळवता उत्तर दिलं, "उद्या तो काळा दगड नीट बसव. वाकडा आहे."

ती झोपायच्या तयारीला गेली, आणि मी निखाऱ्यांपुढे हे तुमच्या वहीतच लिहिते आहे. पाठवायचं कुठेच नाही. कारण सापडलं, हे तुम्हाला कळवायचं होतं. आईवर रागावू नका. तिने एक गोष्ट सांगितली नाही, एवढंच. एकलहऱ्याच्या चिमणीचं ते वाक्य माझं होतं. मधल्या सुट्टीत डबा खाताना मी चार मुलींना हसवायला ते केलं, आणि त्यातल्या एकीचे वडील तुमच्या शिफ्टला होते. ज्याने हे केलं त्याने कारणही शोधावं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं नव्हतंत. एरवी तुम्ही टेबलावर सगळ्यांकडे बघून बोलायचात. त्या दिवशी फक्त भाताकडे बघत होता. तुम्हाला माहीत होतं का, हे मला आता कसं शोधायचं ते कळत नाही.

आता शनिवार. सकाळी राख थंड झाली होती. आईने ती सुपलीत भरून कढीपत्त्याला घातली. मी चहा ठेवायला गेले, तर पंख्याचं बटण बंद करून त्यावर तिने चिकटपट्टी लावली होती.