व्हिनेगर कोणाकोणाला झोंबलं

१६ सप्टेंबर, मंगळवार

पोचलो एकदाचे. क्युपर्टिनोहून नेवाडातल्या या कोरड्या तळ्यापर्यंत अख्खा दिवस गेला. समीरने वाटेत दर गॅस स्टेशनला रॉकेट नीट आहे ना ते पाहिलं. मागच्या सीटवर त्याचे वडील नीट आहेत ना ते मी पाहिलं. सासऱ्यांना घेऊन वाळवंटात तंबू ठोकणारी अकोल्याच्या इतिहासातली मी पहिली सून असेन. पण बाबांनीच हट्ट धरला. अमेरिकेत येऊन मॉल किती बघायचे, म्हणाले.

तळं नावापुरतं. पाण्याचा थेंब नाही, गवताची काडी नाही. पांढरी, भेगाळलेली, सपाट जमीन थेट डोंगरापर्यंत. हौशी रॉकेटवाल्यांचा क्लब, पंधरा-वीस तंबू. स.चं रॉकेट शनिवारी उडणार. दोन वर्षं माझं गॅरेज अडवून बसलंय, उडेल तर बरं.

धूळ मैद्यासारखी. मी सँडलवर उतरले आणि मिनिटभरात पाय पिठात बुडवल्यासारखे. लगेच नियम केला: बूट-चपला तंबूच्या बाहेर. शेजारच्या तंबूतली डोना (निवृत्त नर्स, नवरा रॉकेटवाला) म्हणाली, इथे सगळे बूट आत घेतात आणि सकाळी झटकून घालतात, विंचू असतात. तरी नियम कायम. घर ते घर, कापडाचं असलं म्हणून काय झालं. तिघांचे बूट स.च्या कामाच्या टेबलाखाली लावून ठेवले, तेवढीच सावली.

१७ सप्टें., बुध.

सकाळी बाबांचा बिनसाखरेचा चहा घेऊन बाहेर आले तर ते लांब जाऊन अनवाणी उभे. डोळे मिटलेले. मला वाटलं सूर्याला नमस्कार चाललाय. पण हात जोडलेले नव्हते. एकदा टाच दाबत होते, एकदा चवडा. बराच वेळ. मग खाली बसून चिमूटभर माती जिभेला लावली.

"खारपाणपट्टाच आहे गं रेवती. आपल्या पूर्णा नदीकाठचा, फक्त पाऊस बंद केलेला."

कृषी महाविद्यालयात तीस-एक वर्षं मातीच शिकवली त्यांनी. चोपण जमीन, क्षारपड जमीन, दोन्हीतला फरक मला लग्न ठरायच्या आधीच्या भेटीत सांगितला होता. आज परत सांगितला. मी परत विसरेन.

विचारलं, अनवाणी का?

"पूर्वी पाय टेकला की कळायचं, जमीन चोपण आहे का भुसभुशीत."

"मग? कळलं?"

"चव घेतली ना," म्हणाले, आणि बूट घालायला गेले.

उत्तर मी विचारलं त्याचं नव्हतं. माझा धंदा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा, प्रश्नाला बगल मिळाली की मला खाजवतं. पण चहा निवत होता.

बूट स.ने आणलेले, सेलमधले, एक नंबर मोठे. बाबा आत दोन दोन मोजे घालतात आणि म्हणतात, अगदी मापाचे आहेत.

१८ सप्टें., गुरु.

टाचा फुटल्या. दोन दिवसांत. माहेरी पुण्यात उभ्या उन्हाळ्यात कधी अशा भेगा पडल्या नाहीत. साबणाने धुतले तर आणखी आग.

डोनाने संध्याकाळी आमचा वर्गच घेतला. धूळ अल्कलाइन आहे, कातडीतलं तेल खाते. साबण नको. पाण्यात थोडं व्हिनेगर, त्यात पाय, मग कोरडे करून भरपूर क्रीम आणि स्वच्छ मोजे. रोज. बाबा खूश: "बरोबर आहे. तिकडे जमिनीला जिप्सम, इकडे पायाला व्हिनेगर. तत्त्व एकच." (जिप्सम आम्ल नसतं, हेही मग दहा मिनिटं.)

टबात पाय घातला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते डोनाला मराठी येत नसल्यामुळे खपलं. स. तर उडालाच. "यार, हे रॉकेट फ्युएल आहे का?"

बाबा आपला टब घेऊन गाडीपलीकडे गेले. सुनेसमोर पाय पसरून बसणार नाहीत ते. पण गाडीची दोन्ही दारं उघडी होती, आरपार चेहरा दिसत होता. दोन्ही पाय एकदम बुडवले आणि चहा पिताना असतो तसाच चेहरा. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"झोंबत नाही तुम्हाला?"

"शेतात फिरलेले पाय आहेत हे."

असेल. मळ्यातले पाय, जाड कातडी. पण भेगांना कसली आली कातडी?

१९ सप्टें., शुक्र.

वारा. एकही उड्डाण नाही. सगळी धूळ तंबूत. स.ने टेबलावर रॉकेटचं पोट उघडून ठेवलं होतं, वाऱ्याने नटबोल्टचा डबा कलंडला. पुढचा तासभर तो आणि मी रांगत नट वेचत होतो. आपल्या संसारात आपण दोघं एकत्र केलेलं हे बऱ्याच दिवसांतलं पहिलं काम, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "बघ की गं, तो छोटा नट कुठे गेला."

बाबा मात्र मजेत. काल उडून लांब पडलेली रॉकेटं शोधायला जाणाऱ्यांबरोबर आजही चालत गेले. चाल एकदम ताठ. पेन्शनीतला माणूस वाटत नाही. स. म्हणाला, "बघितलंस? म्हणे वय झालं."

एक गोष्ट लिहून ठेवते. दुपारी बाबा स्वतःचे मोजे धूत होते. इथे पिण्याचंसुद्धा पाणी आपण आणलेलं. मी म्हटलं, अहो द्या, घरी जाऊन मशीनला टाकू, जादा जोड आहेत. "नको, एवढंसं तर आहे." पाठमोरे बसून, घाईघाईत. सासूबाई होत्या तोवर या माणसाने रुमाल धुतलेला कोणी पाहिला नव्हता.

अनवाणी उभं राहणं. व्हिनेगर. मोजे. तीन गोष्टी. यांचा एकमेकींशी काही संबंध आहे का? असला तर कुठला? विचारून उपयोग नाही, मातीवर व्याख्यान मिळेल. पाहायला हवं. पण सासऱ्यांचे तळपाय पाहायचे कसे? नऊ वर्षांत शंभरदा तरी या पायांवर डोकं ठेवलंय आणि ते दिसतात कसे, हे मला सांगता येणार नाही.

२० सप्टें., शनि.

आजच लिहायला हवं.

सकाळी वारा पडला. स.चा नंबर दुसराच. त्याने पिशवीतून नारळ काढला. हा माणूस गाडीतलं माझं लोणचं कमी करून नारळ आणतो. क्लबचा प्रमुख म्हणाला, फोडा, पण करवंटीचा तुकडा इथे राहता कामा नये. ताडपत्री अंथरली. नारळ फोडायचा म्हणून सगळ्यांनी बूट काढले, डोनानेसुद्धा. बाबा काढेनात. स. म्हणाला, "बाबा, बूट." मग काढले. मोजे ठेवले.

नारळ फुटला. स.ने बाबांना वाकून नमस्कार केला, परीक्षेला जाताना करत असेल तसा. त्याच्या मागे मी वाकले. आणि या खेपेला डोळे मिटले नाहीत.

उजव्या मोज्याला चवड्याखालून तपकिरी डाग. ओला. वर आलेला वास.

मान वर केली. बाबा माझ्याकडेच पाहत होते. हात माझ्या डोक्यावर होता, तो जरा जास्त वेळ राहिला. हळूच म्हणाले, "उडू दे आधी."

मी मान डोलावली. बरोबर केलं का, माहीत नाही. स.चा चेहरा असा होता की... नाही सांगता आलं. पाच मिनिटांचा प्रश्न आहे, असं स्वतःला म्हटलं. पाचाची पंचवीस झाली.

उडालं. फार सुंदर उडालं. एक रेघ आणि मग नुसतं आभाळ. स. रडत होता आणि हसत होता. लाल पॅराशूट लांब उतरलं, तसे सगळे निघाले आणि बाबाही बूट घालून निघाले. तेव्हा मी ओरडले, "बाबा, एक पाऊल पुढे टाकायचं नाही." सासऱ्यांवर आवाज चढवण्याची पहिलीच वेळ. स. तोवर कोणाच्या तरी ट्रकमधून गेला होता.

खुर्चीवर बसवलं. बूट काढून उलटा केला. धूळ पडली आणि धुळीत एक नट. तो छोटा, हरवलेला. टेबलाखाली बूट ठेवायचा नियम माझा.

"कालपासून यावर चालताय तुम्ही."

बाबांनी नट हातात घेऊन निरखला. खरंच नवल वाटलं त्यांना. "कळलं नाही गं," म्हणाले. मग नट बोटांत फिरवत, "वर्ष होत आलं. काहीच कळत नाही खाली. त्या सकाळी मुद्दाम अनवाणी उभा राहिलो. इतकी चोपण जमीन आयुष्यात पाहिली नाही, वाटलं ही तरी लागेल."

मला रडू आलं. त्यांना नाही.

डोना धावत आली, जखम पाहिली, आणि मला झापलं. यांना डायबेटिस आहे हे मला कोणी का सांगितलं नाही? असे पाय भिजवायचेच नसतात, व्हिनेगर तर लांबच. रोज डोळ्यांनी बघायचे, हात घालून बूट तपासायचा, मगच पाय घालायचा. स. रॉकेट खांद्यावर घेऊन हसत आला तेव्हा डोना पट्टी बांधत होती. त्याचं हसू गेलं ते बघवेना.

दोन तासांवरच्या गावात दवाखाना. जखम साफ केली, अँटिबायोटिक दिलं. हाड बचावलंय असं एक्स-रेवरून वाटतं, म्हणाले. वाटतं.

२१ सप्टें., रवि.

परतीचा प्रवास. बाबांचा पाय माझ्या मांडीवर, उंच ठेवायचा म्हणून. सुरुवातीला सारखा मागे घेत होते. नंतर झोप लागली.

पाहिला शेवटी पाय. रुंद आहे, बोटं पसरलेली, बुटात न वाढलेला पाय. स.चेही अगदी असेच आहेत. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

२४ सप्टें., बुध. क्युपर्टिनो

पायांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. जखम भरतेय. नायलॉनच्या बारीक काडीने जागोजागी टोचून पाहिलं; बाबांना डोळे मिटून 'हो' म्हणायचं होतं. डाव्या पायाला बऱ्याच ठिकाणी 'हो'. उजव्याला टाचेजवळ दोनदा, पुढे शांतता. गेलेली जाणीव परत येईल असं धरून चालू नका, म्हणाली डॉक्टर. काडी घरी दिली.

घरी येऊन स.ने विषय काढला. ऑक्टोबरचं परतीचं तिकीट कॅन्सल करतो म्हणाला. "तिकडे एकटे कसे राहणार तुम्ही? पायात खिळा घुसला तरी कळायचं नाही."

"कळायला डोळे आहेत. आता बघेन रोज."

"वर्षभर बघितलं का?"

बाबा म्हणाले, अकोल्याकडच्या त्या गोपाळरावांच्या शेतात जिप्सम टाकलंय माझ्या सांगण्यावरून, त्यात हरभरा उगवतो का नाही ते मला बघायचंय. इथे काय बघू? तुमचं लॉन?

दोघांचं भांडण होत नाही, हेच वाईट. दोघंही समंजस आवाजात बोलत राहतात. शेवटी स. म्हणाला, निघायच्या आधी उजव्या अंगठ्याला तरी कळू दे, मग जा. डॉक्टर काय म्हणाली ते त्याने ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. त्यालाही काहीतरी धरायला हवं होतं बहुतेक.

बाबा लगेच तयार. रोज तपासणी करायची. करणार कोण? "रेवती करेल. ती खोटं नाही लिहायची," म्हणाले. आता पाय मागे घेत नाहीत.

२७ सप्टें., शनि.

नवे बूट आणले, मापाचे, पुढे रुंद. बाबा घालण्याआधी आत हात फिरवतात. मग माझ्याकडे बघतात, पाहिलंस ना म्हणून. मला हसू येतं. मीही आता माझे झटकते, इथे कसले विंचू असणार?

संध्याकाळी तपासणी. बाबा सोफ्यावर पाय ताठ करून बसले, डोळे घट्ट मिटून, शाळेतल्या पोरासारखे. डावा पाय: बरा. उजवी टाच: एकदा हो. चवड्याची जखम सोडून मी पुढे सरकले. काडी अंगठ्याच्या वर धरली आणि थांबले, कारण तेवढ्यात स. स्वयंपाकघरातून म्हणाला, "काय म्हणतोय अंगठा?"

"हो," बाबा म्हणाले. "लागलं. आत्ता लागलं, अगदी स्पष्ट."

काडी अजून हवेत होती.

ऑफिसात अशी टेस्ट सापडली, न चालवताच पास झालेली, तर मी त्याच मिनिटाला सगळ्यांना कळवते. बाबांचे डोळे मिटलेलेच होते. चेहऱ्यावर इतका आनंद होता की ते खोटं बोलताहेत की त्यांना खरंच तसं वाटलं, हे मला आत्ताही सांगता येत नाहीये.

स. हात पुसत दारात येऊन उभा राहिला. "रेवती? लागलं ना?"

काडी खाली ठेवली. "उद्या परत बघू," म्हटलं.