रिकाम्या खोलीपुढे वाकणारा वकील

शुक्रवार, संध्याकाळ. तोयोसु.

नोकरी वाचली. राजीनाम्यावर माझी सही घ्यायचा हट्ट कंपनीने आज सोडला. पण डोक्यात घोळतंय ते मोरी-सानांचं वाकणं. मोरी-सान माझे वकील, आधी प्रोफेशनल बेसबॉल खेळायचे. मीटिंग संपली, सगळे गेले, आणि हा धिप्पाड माणूस दारात वळून रिकाम्या खोलीपुढे कमरेतून वाकला! कोणासाठी?

लिफ्टमध्ये विचारलंच. म्हणाले, "मैदान सोडताना आम्ही असंच वाकायचो. मला टीमने फोनवरच काढलं. शेवटचं वाकायचं राहून गेलं."

आणि वर हसलेसुद्धा. मी असतो तर शिव्या घातल्या असत्या. हा माणूस कायदा शिकायला बसला, आणि अजून वाकतो!

आज माझ्या बाजूने ते बोलले. तो फोन आला तेव्हा त्यांच्या बाजूने कोण होतं?