मेव्हिसची टकटक

प्रिय लेउतूताई,

कुत्रीला मी गादीवर झोपवतो आणि कलेजी खाऊ घालतो, हे तुला इथल्या आपल्या चर्चच्या एसेराकाकांच्या बायकोने सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार? रविवारची प्रार्थना संपली की इकडचं सगळं फोनवरून आपल्या बेटावरच्या गावात पोचतं, आणि पोचेपर्यंत त्याला चार पाय फुटतात. गादी नाही, जुनं घोंगडं आहे. कलेजी खरी आहे, पण ती आमच्या मांसाच्या कारखान्यातली, टाकून द्यायची. आणि "घरात माणूस लोळागोळा होऊन पडलाय अन् हा ऑस्ट्रेलियात कुत्री पोसतोय" असं तू लिहिलंस, त्याला माझं उत्तर एवढंच, की त्या माणसाचं अंथरूण मागच्या चुलीच्या खोपटात मी नाही नेलं. तू नेलंस. चिडू नकोस. मीही चिडलेलो नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो हे तुला माहीतच आहे, माझ्या पाट्या तूच पुसायचीस. बाबांची डावी बाजू गेली, जीभ जड झाली, काय बोलतात कळत नाही. तू आठ महिने बसून विणलेली चटई त्यांनी भिजवली, तिच्यानंतरच्या दोन भिजवल्या. ओली लुंगी चटईखाली लपवून ठेवतात, वास आल्यावर तुला कळतं. आणि दिवसभर काठी जमिनीवर आपटत बसतात, डोकं उठतं, म्हणून ती काठी तू वर आढ्याला टांगलीस. शेवटी लिहिलंस, "तुला तर हे वाचून बरंच वाटेल." खोटं कशाला बोलू? अर्धा दिवस वाटलं. मग कामावर गेलो.

फोनवर बोललो असतो, पण आपल्या घराला भिंती नाहीत. तू हॅलो म्हटलंस की शेजारचे हातातले तारोचे कंद सोलणं थांबवून कान देतात. पत्र तू नारळाच्या झाडामागे जाऊन एकटीने वाचशील, म्हणून लिहितोय. पण आधी कुत्रीचं सांगतो, कारण तू तिच्यावरून एवढं बोललीस.

मी केव्हच्या घरात भाड्याने राहतो. केव्ह आमचा मुकादम, पन्नाशीचा, एकटाच. या गावात कुत्र्यांचं एक अनाथघर आहे, तिथे मी शनिवारी कारखान्यातली हाडं पोचवायचो. तिथे ही मेव्हिस सहा महिने पिंजऱ्यात होती. म्हातारपणाकडे झुकलेली, एक कान फाटलेला. लोक यायचे, पिल्लं घेऊन जायचे, हिच्या पिंजऱ्यावरची पाटी वाचून पुढे जायचे. पाटीवर लिहिलं होतं, "घरात राहायची सवय नाही." मी ती पाटी अक्षर लावून वाचली आणि म्हटलं, चला, आपल्यातलीच आहे. चार वर्षांत मी केळीच्या बागेत होतो, मेंढ्यांवर होतो, आता मांसात आहे, कुठेच सहा महिन्यांच्या वर टिकलो नव्हतो. केव्ह म्हणाला, "पेसा, ही लाकडाची जमीन माझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने घातलीय. महिनाभर बघतो. तोवर शिकली तर शिकली, नाहीतर शनिवारी हाडांबरोबर परत."

आपल्याकडे कुत्र्याला घरातलं-बाहेरचं शिकवावं लागतं का? भिंत नाही, दार नाही, नुसते खांब, तरी सगळी कुत्री जोत्याच्या कडेला बसतात, एकाचा पंजा आत येत नाही. त्यामुळे मला वाटलं, ह्यात काय शिकवायचं! पहिल्याच दिवशी तिने केव्हच्या खुर्चीखाली तळं केलं. मी तिची मान धरून नाक त्यात घासलं आणि बाहेर हाकललं. दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या मागे. मग बुटांच्या कपाटात. आम्ही समोर असलो की एक थेंब नाही, पाठ वळली की कोपऱ्यात जाऊन. मी आलो की पोटावर सरपटत फ्रिजच्या फटीत शिरायची.

अनाथघर चालवणारी नोलीनबाई म्हणून आहे. साठीच्या पुढची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज असा की पिंजऱ्यातली पन्नास कुत्री गप्प बसावीत. तिला सांगितलं तर म्हणाली, "नाक घासलंस? शाबास! आता तुझं नाक आण इकडे." मग म्हणाली, "अरे गाढवा, तिला काय कळलं सांगू? घरात करू नये हे नाही कळलं. तुझ्यासमोर करू नये, एवढंच कळलं. आता ती जन्मभर लपून करेल आणि तू जन्मभर वास घेत फिरशील." तिने सांगितलं ते असं. उठली की बाहेर न्यायचं, खाल्लं की न्यायचं, एरवी दर दोन तासांनी, तिने मागायची वाट न बघता. नुसतं ढकलून द्यायचं नाही, बरोबर उभं राहायचं, पण टक लावून बघायचं नाही. तिने केलं की त्याच क्षणी कलेजीचा तुकडा. घरात झालं तर एक शब्द बोलायचा नाही, व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचं. फिनाइलने पुसलं तर वास उलट तिला तिथेच बोलावतो म्हणे. आणि बाहेर जाताना दर वेळी एकच शब्द, गोड आवाजात. तिने विचारलं, "तुमच्याकडे कुत्र्याला काय म्हणतात?" मी म्हटलं, हाड. दुसरं काहीच म्हणत नाहीत.

तर तोच शब्द ठरला. ताई, "हाड" गोड आवाजात म्हणून बघ एकदा. निघत नाही तोंडातून. मी कारखान्यात सुरी धुताना पुटपुटत सराव केला. हा शब्द मी शेवटचा कधी ऐकला ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस, कंदील धरून. आत्याच्या मयताला द्यायचं डुक्कर मी विकलं आणि त्याची बिअर प्यालो. मान्य, मोठा गुन्हा. बाबा घराण्याचे वक्ते. गावाच्या पटांगणात काठी टेकून उभे राहिले की पूर्वजांपासून सुरुवात करून तासभर बोलायचे, लोक हलायचे नाहीत. मला वाटलं, आज दोन तास ऐकावं लागणार. ते आपल्या खांबापाशी बसून होते. माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द बोलले. मी गेलो.

मेव्हिसला मात्र तो शब्द आवडला. तिला कुठे ठाऊक तो शिवी आहे म्हणून. दोन आठवड्यांत "हाड" म्हटलं की शेपूट हलवत बाहेर, काम करून धावत आत, कलेजी. पण तिसऱ्या आठवड्यात पुन्हा बिघडलं. झालं असं, की दुपारी केव्ह झोपला की ही लाकडी जमिनीवर फेऱ्या मारायची, नखं टक टक टक टक. केव्ह ओरडला, "हिची नखं काप, नाहीतर माझे कान काप!" म्हणून मी दारापासून चुलीपर्यंत जुना गालिचा अंथरला. आवाज बंद. आणि त्या दिवसापासून गालिचा रोज ओला. केव्ह कॅलेंडरकडे बोट दाखवायचा. नऊ दिवस उरले होते.

नोलीनबाई स्वतः आली. तिने गालिच्याचं एक टोक बुटाने उचललं आणि विचारलं, "हा कधी टाकलात?" सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे, तिला बोलता येतं का? ती टकटक कसली होती? ती दार वाजवत होती रे. आणि तुम्ही दोघा हुशारांनी दारालाच गादी बांधलीत!" आम्ही तिच्यादेखत गालिचा गुंडाळून अंगणात फेकला. त्यानंतर टक टक झाली की मी उठतो. मी कामावर असलो तर केव्ह उठतो, शिव्या देत, पण उठतो. गेल्या दोन आठवड्यांत एकदाच चुकलं, आणि तेव्हा ती वाजवत होती, मीच अंघोळीला होतो.

एसेराकाकांच्या बायकोने तुला नवऱ्याची गोष्ट सांगितली नसणार, ती मी सांगतो. गेल्याच्या गेल्या रविवारी काका चर्चच्या छपराची वर्गणी मागायला आले, पांढरी लुंगी, पांढरा कोट. दार उघडलं तर समोर घरात कुत्रं! त्यांनी पायरीवरूनच आपल्या पद्धतीने दणकून आवाज दिला, "हाड!" मेव्हिसने त्यांच्याकडे बघितलं. ह्या अनोळखी माणसालाही शब्द माहीत आहे, असा तिचा चेहरा. शहाण्यासारखी बाहेर आली, त्यांच्या चपलेला लागून बसली, पायरीवर सगळं मोकळं केलं, आणि मग तोंड वर करून कलेजीची वाट बघत राहिली. काका म्हणाले, "पेसामिनो, हे काय शिकवलंस तू हिला?" मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगितलंत तेच केलं तिने." आतून केव्ह आला आणि हसत हसत दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. म्हणाला, "माझ्या हाताखाली साठ माणसं आहेत, एकजण एका शब्दात ऐकत नाही. राहू दे तिला. जमीन माझ्या आजोबांची, पायरी देवाची." तर मेव्हिस राहिली. काकांनी वर्गणी घेतली, चपला तिथेच ठेवून गेले.

हे सगळं एवढं लांबण लावून का लिहिलं ते आता सांगतो. तू लिहिलंस, बाबा दिवसभर काठी आपटतात. दिवसभर नसतील आपटत, ताई. आठवून बघ. उठल्यावर आपटतात का? कोको प्यायल्यावर? दुपारी जेवण झाल्यावर? आणि काठी टांगल्यावर चटई जास्त भिजायला लागली की कमी, ते तुझं तूच बघ, मी इथून काय सांगणार. ज्या माणसाने सगळ्या घराण्याच्या वतीने आयुष्यभर भाषणं केली, त्याला आता एवढीशी गोष्ट मागता येत नाही, आणि मागायला जे एक उरलं होतं ते आपण आढ्याला टांगलं. मी बाबांना कुत्रं म्हणत नाहीये. ते मला म्हणाले होते, ते वेगळं, ते आमचं दोघांचं आहे, त्यात तू पडू नकोस. तू काठी काढून त्यांच्या उजव्या हातात दे. अंथरूण त्यांच्या खांबापाशी आण, समुद्राच्या बाजूचा मधला, तिथे दुसरं कोणी बसायचं नाही. वाजली की कोणीतरी जा, धरून बाहेर न्या, बरोबर उभे राहा, तोंड दुसरीकडे करा. चुकलं तर बोलू नका. कलेजी द्यायची गरज नाही. हे त्यांना वाचून दाखवू नकोस. आणि मी कधी येणार ते विचारू नकोस. आलोच तर जोत्याच्या कडेला बसेन. त्यांनी काठी वाजवली तर आत येईन.

तुझाच,
पेसामिनो

ता. क. चटया पुन्हा विण, पण त्यांच्या अंथरुणावर आधी रबरी चादर घाल, ती शहरात औषधाच्या दुकानात मिळते. त्यासाठी, आणि खांबापासून मागच्या संडासापर्यंत धरायला कठडा बांधून घेण्यासाठी पैसे पाठवतोय, तिकडचे आठशे ताला.