पांढऱ्या नागाची नोंद

अमळनेर
२१ नोव्हेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना,

सवयीने 'चि. सौ.' लिहून गेलो होतो. तो कागद फाडून हा दुसरा घेतला.

तू आणि सासूबाई झुंबरबाई बऱ्या असाल. तुझी अंगणवाडी दिवाळीनंतर सुरू झाली असेल. इकडे थंडी पडायला लागलीय, गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. शालिग्रामने जूनमध्ये दुरुस्त करून दिलेली पाण्याची मोटर चांगली चालते. सकाळी बटण दाबलं की तो आठवतोच.

चोपड्याहून कोणी आलं की सांगतात, तिकडे अजून तेच बोलणं चालू आहे. पांढरा नाग म्हणजे देव, त्याला पिशवीत कोंबला म्हणून शालिग्राम गेला. तुझ्या सासूबाईंनीही दहाव्याला मला विचारलं होतं, "सर, देव होता का तो?" चौतीस वर्षं मी वर्गात शिकवलं की अंगात रंगद्रव्यच तयार झालं नाही तर प्राणी पांढरा जन्मतो, डोळे लाल दिसतात, बाकी सगळं इतरांसारखंच असतं, विषसुद्धा. तूही त्या वर्गात होतीस, शालिग्राम तुझ्या मागच्या बाकावर. पण त्या दिवशी एवढं एक वाक्य बोलायला माझी जीभ उचलली नाही. देवाच्या नावावर खपलं असतं, तर मला कोणी काही विचारणार नव्हतं.

९ जुलैला उखर्डूच्या केळीच्या बागेत, पंपाच्या खोलीत तो नाग निघाला. साप निघाला की बोलावतात तसं शालिग्रामला बोलावलं. त्याने पकडला तोवर हळदकुंकू आणि दूध घेऊन माणसं जमली. नागपंचमीपर्यंत इथेच ठेवा म्हणायला लागली. म्हणून शालिग्राम नाग घेऊन तिथून निघाला, वनरक्षकाला फोन करून संध्याकाळी सातला नाग ताब्यात द्यायचं ठरवलं, आणि मधल्या वेळात मला दाखवायला इकडे आला.

तुला मी सांगितलं होतं की त्याने हौसेने नाग बाहेर काढला, तो चावला, आणि आम्ही लगेच दवाखान्यात निघालो. चावला एवढंच त्यात खरं आहे.

पिशवी ओट्यावर ठेवून तो म्हणाला होता की आज याला फार त्रास झालाय, जाळीतूनच बघा. मी बघितलं. पण मला मोजायचा होता. पूर्ण वाढलेला पांढरा नाग मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, मला कोणी काही विचारायला येत नाही. एखाद्या संशोधनपत्रिकेत आपल्या नावाने नोंद छापून येईल, एवढंच डोक्यात होतं. तो दोनदा नको म्हणाला. तेव्हा मी म्हणालो, "मी सांगतोय ना."

त्याने काढला. चार एकेचाळीसला उजव्या अंगठ्याजवळ दात लागला. "घासलं फक्त," म्हणत तो नाग पिशवीत घालायला लागला.

ज्योत्स्ना, मी त्याला थांबवलं. शेपटीखालचे खवले मोजायचे राहिले होते. ते मोजले, टेपने लांबी घेतली, फोटो काढले. हाताला सूज चढताना मला दिसत होती. मध्ये त्याने विचारलं, झालं का सर. मी म्हणालो, दोन मिनिटं. कॉलेजपासून तो माझ्याशी जपून शुद्ध बोलायचा. पापण्या उतरायला लागल्या तेव्हा म्हणाला, "सर, चला आते. माले दोन-दोन दिसी राह्यनं."

तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती. नाग त्यानेच पिशवीत घातला. गाठही त्यानेच मारली.

डॉक्टरांनी चावल्याची वेळ विचारली. मी पाच सांगितली. पोलिसांच्या जबाबातही तेच. इंजेक्शनं दिली, श्वास अडायला लागला म्हणून धुळ्याला हलवलं. वाटेत नवलनगरच्या पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. लवकर नेला असता तर वाचला असता का, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही.

आणि नोंद मी पाठवली. सप्टेंबरात. त्यात तुझ्या नवऱ्याचं नावही नाही. मागच्या आठवड्यात संपादकांचं पत्र आलं की नोंद घेतो, फक्त तिसऱ्या फोटोत नाग धरणाऱ्याचा हात सुजलेला दिसतोय, तो काढून टाकता आला तर बरं. मी फोनवर फोटो उघडला आणि तेवढा हात कापला. सहज कापला गेला. तिसऱ्या दिवशी नोंद परत घेतो म्हणून कळवलं.

काल पोलीस ठाण्यात जाऊन खरा जबाब दिला. फौजदार म्हणाले, सर, प्रकरण बंद झालंय, आता कशाला? मी बसून राहिलो, शेवटी त्यांनी लिहून घेतलं. ते तुला बोलावतील. माझी भीड धरू नकोस. तुझ्या मनात असेल ते सांग.

झुंबरबाईंना एवढं सांग की तो साधा नाग होता, रंग नसलेला. तुमच्या मुलाने कुठल्याही देवाचा अपमान केला नाही. मास्तरांचा शब्द मोडवला नाही, एवढंच त्याचं चुकलं.

सोबत सगळे चौदा फोटो छापून पाठवतोय. प्रत्येकाखाली वेळ आहे. शेवटच्यात त्याचा चेहरा आलाय. घरात कोणी नसेल तेव्हा तो पाहू नकोस.

शालिग्रामला तेवीस मिनिटं थांबवून ठेवणारा,
डिगंबर बडगुजर