काठवटीला काठवट

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

आज दहावीला ‘टू कॉल अ स्पेड अ स्पेड’ शिकवलं. फावड्याला फावडं म्हणायचं — म्हणजे जे आहे ते आडपडदा न ठेवता बोलायचं. लगेच पुनम उठली. गुरुपादप्पांची नात, देगलूरच्या पलीकडून सायकलवर येते. “मॅडम, फावडंच का? विळा का न्हाई?” उद्या सांगते म्हटलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सापडलं. मूळ म्हण ग्रीक — अंजिराला अंजीर अन् काठवटीला काठवट. आपण पीठ मळतो तसलीच. पाचेकशे वर्षांपूर्वी एका पंडितानं लॅटिनमध्ये उतरवताना काठवटीचं फावडं केलं, इंग्रजीनं तेच उचललं. वर्ग हसून बेजार. पुनम म्हणे, “खरं बोला सांगणारी म्हणच चुकली की! पण काम तर करून राहिली.”

बावीस वर्षं शिकवतेय. मला नसतं सुचलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

तपासणी! जिल्ह्याहून साहेब आले. आमचे मुख्याध्यापक शेषेराव सर म्हणाले, “मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, सगळ्या सोयी आहेत.” साहेबांनी वर्गाला विचारलं, “काही त्रास?” पुनम उठली.

“संडासाला कुलूप हाय, साहेब. पोरी दिवसभर पाणी पीत न्हाईत. महिन्यातले चार दिवस तर शाळेलाच येत न्हाईत.”

“म्हणजे... ती अडचण?”

“अडचण न्हाई, साहेब. पाळी.”

भरला वर्ग, पुढं दोन पुरुष — आवाज जरा हलला नाही तिचा! कुणी हसलंही नाही. साहेबांनी तोच शब्द लिहून घेतला.

नंतर सर तडकले. “हे तुम्हीच शिकवलं का?” “हाव,” म्हटलं. ऊर असा भरून आला होता!

सोमवार, ११ ऑगस्ट

गुरुपादप्पा शाळेत आले. वाटलं, आता नातीचं नाव काढून नेतात! म्हातारा उंबऱ्यातच थांबला. “आमच्या घरात ह्यो शब्द कुणी उच्चारला न्हवता. आता पोरीनं काढला. लई बरं झालं.” लहानपणी मला असं कुणी म्हणायला हवं होतं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

चौकशीला साहेब पुन्हा वर्गात आले, विचारलं — कुलूप कुणी लावलं? सगळे सरांकडे बघू लागले. पुनमसुद्धा. मी कागद ओढला अन् लिहिलं: कुलूप मी लावलं. पोरी घाण करतात म्हणून दोन वर्षं किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. सही केली. किल्ली टेबलावर ठेवली. पुनमनं माझ्याकडे न बघता उचलली.